रेकॉर्डवर न उतरलेली नटी

ज्योत्स्ना भोळे हे नाव काढलं की साठी ओलांडलेला मराठी माणूस गुणगुणायला लागतो. 'कुलवधू'तली भैरवी त्याच्या ओठांवर तयारच असते. नाटकात ती भैरवी म्हणणारी भानुमती कोण, तिच्यावर कोणता प्रसंग गुदरला होता, गाणं संपल्यावर ती काय बोलली, हे विचारा, तो घुटमळेल. त्याचा काही दोष नाही. गाणं तबकडीवर उतरलं, अभिनय कशावरच उतरला नाही. त्यामुळे १९३३ पासून मराठी रंगभूमीवर नायिका म्हणून उभी राहिलेली ही बाई आपल्या आठवणीत हळूहळू नुसती गायिका होऊन बसली. तिच्यावर लिहिलं जातं तेही बहुतेक भावगीताच्या प्रकरणात. पुढची पानं त्या गायिकेबद्दल थोडी आणि नटीबद्दल जास्त आहेत, एवढं सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे रागदारीची चर्चा शोधणाऱ्याची निराशा होणार नाही.

आधी चरित्राचा सांगाडा. ज्योत्स्नाबाई मूळच्या दुर्गा केळेकर. जन्म ११ मे १९१४, गाव फोंडा महालातलं बांदिवडे. थोरली बहीण गिरिजाबाई केळेकर ही नावाजलेली गायिका. लहानपणीच मुंबई, तिथे आग्रा घराण्याची तालीम. १९३२ मध्ये संगीतकार केशवराव भोळे यांच्याशी लग्न. केशवराव १८९६ चे, म्हणजे बायकोपेक्षा अठरा वर्षांनी मोठे. 'एकलव्य' आणि 'शुद्ध सारंग' या टोपणनावांनी गायकांवर नेमकं आणि बोचरं लिहिणारे. लग्नानंतर वर्षभरात, १ जुलै १९३३ रोजी, मुंबईच्या रिपन थिएटरात 'आंधळ्यांची शाळा'चा पहिला प्रयोग झाला आणि एकोणीस वर्षांची ज्योत्स्ना बिंबाच्या भूमिकेत मराठी प्रेक्षकासमोर आली. पुढे 'नाट्यनिकेतन'ची नाटकं, मामा वरेरकरांचं 'भूमिकन्या सीता', स्वतः लिहिलेलं 'आराधना', आणि ५ ऑगस्ट २००१ रोजी अखेर. पुण्यात हिराबागेतल्या सभागृहाला त्यांचं नाव आहे. तिथे व्याख्यानाला जाणाऱ्यांतले किती जण त्यांना नटी म्हणून ओळखतात, हा प्रश्न मी कधी कोणाला विचारलेला नाही. उत्तर ठाऊक असलं की माणूस विचारत नाही.

हे मी केरीत बसून लिहितो आहे. केरी म्हणजे पेडण्याची केरी, तेरेखोलच्या मुखावरची. गोव्यात केऱ्या तीन: एक आमची, एक सत्तरीत, एक फोंड्यात. केरकर आडनाव ऐकून पाहुणे केसरबाईंचं घर विचारत आमच्याकडे येतात, त्यांना परत फोंड्याकडे पाठवावं लागतं. 'सुरश्री' केसरबाई फोंड्याच्या केरीच्या. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेलेली भैरवी त्यांचीच. आमच्या केरीच्या वाट्याला असली कीर्ती आलेली नाही. आमच्याकडे आजोबाचं देवस्थान, सुरूची बनं, पलीकडे तेरेखोलच्या किल्ल्याकडे जाणारी फेरीबोट, आणि जत्रेच्या रात्री दशावतार.

दशावताराबद्दल इथेच बोलायला हवं, कारण नटी म्हणजे काय हे आम्हा पेडणेकरांना पहिल्यांदा पुरुषाकडूनच कळतं. पेडणे महाल पोर्तुगिजांकडे गेला तो १७८८ मध्ये. त्याआधी तो सावंतवाडीकरांचा. सत्ता बदलली तरी दशावतारी मंडळींनी नवी हद्द मानली नाही. वालावलकर, मोचेमाडकर, पार्सेकर यांचे पेटारे आजही नदीच्या दोन्ही अंगांना फिरतात. रंगपटात जाऊन बसलात तर स्त्रीपार्ट करणारा नट स्वतःच आरसा गुडघ्यावर टेकवून तोंड रंगवताना दिसेल. आधी दाढीची निळसर छटा रंगाखाली गाडायची, मग भुवया, मग ओठ. नऊवारीचा काष्टा घालून झाला की तो उठतो, दोन पावलं टाकतो, आणि तिसऱ्या पावलाला खांदे खाली येतात. हे तिसरं पाऊल शिकवून येत नाही. लिखित संहिता नसते; आख्यान कोणतं लावायचं ते संध्याकाळी ठरतं, संवाद जागच्या जागी सुचतात, आणि रंगमंचावर बसायला एक बाकडं पुरतं. पहाटे दहीकाल्यापर्यंत तोच नट सीता असतो, तारामती असतो, कैकेयी असतो. समोर बसलेल्या बायका त्याच्यासाठी रडतात. त्याच बायकांतली एखादी बाकड्यावर चढली असती तर मात्र गावाने काय केलं असतं, हे आमच्या आज्यांना चांगलं ठाऊक होतं.

म्हणून गोव्यातून मराठी रंगभूमीला गायिका-नटी मिळाल्या असं आपण अभिमानाने म्हणतो तेव्हा एक गोष्ट सोयीस्कर विसरतो. गोव्याने त्यांना गळा दिला, देवळाच्या चौकातली तालीम दिली. उभं राहायला जागा बाहेर शोधावी लागली. हिराबाई पेडणेकरांचंच बघा. आडनाव पेडण्याचं, जन्म सावंतवाडीचा. त्यांनी १९०४ मध्ये 'जयद्रथ विडंबन' आणि १९१२ मध्ये 'दामिनी' ही नाटकं लिहिली. मराठीतली पहिली स्त्री-नाटककार म्हणून त्यांचं नाव घेतात. 'दामिनी' केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्शने रंगभूमीवर आणलं. त्या कंपनीत बायका नव्हत्या. बाईने लिहिलेल्या बाया पुरुषांनी वठवल्या, आणि लेखिकेने ते पाहिलं. या एका प्रसंगावर अख्खं नाटक लिहिता येईल. वसंत कानेटकरांनी हिराबाईंच्या आयुष्यावर 'कस्तुरीमृग' लिहिलंही.

बायकांनी रंगभूमीवर यायचं तर एक वाट होती, स्त्री नाटक मंडळ्यांची. तिथे उलटा न्याय: पुरुषांचीही सोंगं बायकाच घेत. सांगे महालातल्या कुर्डीच्या मोगूबाई लहान वयात आधी चंद्रेश्वर भूतनाथ संगीत मंडळीत आणि मग सातारकर स्त्री संगीत मंडळीत होत्या. कंपनी सुटली, सांगलीत अल्लादियाखाँसाहेबांनी त्यांचा आवाज ऐकला, आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे. संगीताच्या दृष्टीने ते भाग्यच. पण नाटकाच्या बाजूने पाहिलं तर एक चांगली नटी वयात यायच्या आधीच गेली. गाणं प्रतिष्ठा देत होतं, नाटक देत नव्हतं. शहाणी बाई गाण्याकडे जाणारच. याचा हिशेब कोणी मांडत नाही.

इंग्लंडातही याहून निराळं काही घडलं नव्हतं, फक्त आधी घडलं. शेक्सपिअरची डेस्डिमोना त्याच्या हयातीत मुलग्यांनी केली. बाई तिथे अधिकृतपणे रंगमंचावर आली ती १६६० च्या डिसेंबरात, आणि मान मिळायला आणखी अडीचशे वर्षं गेली. हेन्री अर्व्हिंगला सर ही पदवी १८९५ मध्ये मिळाली. त्याच्या बरोबरीने वर्षानुवर्षं उभी राहिलेल्या एलन टेरीला डेम व्हायला १९२५ उजाडलं. आपल्याकडे बालगंधर्वांच्या पदराची फॅशन घरंदाज बायका उचलत होत्या, तरी घरंदाज बाईने पदर घेऊन रंगमंचावर जाणं पाप समजलं जात होतं. दोन्हीकडची गंमत एकच: भूमिका पूज्य, करणारी संशयित.

ही कोंडी मराठीत फुटली ती केवळ कोणा धाडसी बाईमुळे नाही. बाईशिवाय उभंच राहणार नाही असं नाटक आलं, तेव्हा ती फुटली. 'नाट्यमन्वंतर' या मंडळींनी निवडलेलं पहिलं नाटक बघा. श्री. वि. वर्तकांनी नॉर्वेच्या ब्यर्नसनचं नाटक घेऊन 'आंधळ्यांची शाळा' लिहिलं. मूळ नाटकाचा प्रश्न असा: लग्नापूर्वीच्या चारित्र्याची जी अट मुलीला, तीच मुलाला का नको? हा प्रश्न मिशी काढलेल्या नटाच्या तोंडून विचारला तर प्रेक्षक हसला असता. बाईनेच विचारायला हवा होता. पार्श्वनाथ आळतेकर, के. नारायण काळे, अनंत काणेकर, केशवराव भोळे ही शिकलेली, युरोपची नाटकं वाचलेली माणसं. त्यांना हे कळत होतं. पद्माबाई वर्तक आणि ज्योत्स्ना भोळे, दोघी घरच्या सुना, या नाटकात उभ्या राहिल्या. एकीचा नवरा लेखक, दुसरीचा संगीतकार. घरच्या माणसांच्या आडोशाने बाहेर पडणं, असं याला कोणी म्हणेल. म्हणू दे. त्या काळी आडोशाशिवाय बाहेर पडणाऱ्यांची काय गत झाली तेही आपल्याला ठाऊक आहे.

पदांचा पाऊस या नाटकात नव्हता. संगीत नाटकाला सवकलेल्या प्रेक्षकाला मोजकी गाणी, तीही भावगीतासारखी आटोपशीर, पात्राच्या मनःस्थितीतून आलेली. तान संपली की वन्समोर, वन्समोर संपला की पुन्हा तान, या जुन्या रिवाजात भूमिका कुठल्या कुठे वाहून जाई; शकुंतला दुष्यंताला विसरून प्रेक्षकाला रिझवत बसे. केशवरावांनी गाणं लहान केलं आणि त्यामुळे त्यांच्या बायकोला अभिनयाला जागा मिळाली. संस्था फार वर्षं टिकली नाही. केशवराव प्रभातमध्ये गेले, 'अमृतमंथन', 'संत तुकाराम', 'कुंकू' यांचं संगीत त्यांनी दिलं. घरात स्टुडिओचं वारं खेळत होतं, तरी ज्योत्स्नाबाईंचं नाव पडद्याने घडवलं नाही, रंगमंचानेच घडवलं. असं का, याचा विचार पुढे एका प्रकरणात केला आहे.

मग मोतीराम गजानन रांगणेकर आले. १९४१ मध्ये त्यांनी 'नाट्यनिकेतन' काढली आणि रात्रभराचं नाटक तीन तासांच्या आत आणलं. एकेका अंकाला एकच स्थळ, दिवाणखाना, खरा वाटेल असा. बायकांची कामं बायकांकडे. १९४२ मध्ये 'कुलवधू' आलं, संगीत मास्टर कृष्णरावांचं. भानुमती ही मध्यमवर्गीय घरातली सून. नवऱ्याच्या अडचणीच्या काळात ती सिनेमात काम करू लागते, नाव कमावते, आणि तेच नाव नवऱ्याला खुपायला लागतं. इब्सेनच्या नोराची आठवण टीकाकारांनी तेव्हापासून काढली आहे, ती योग्यच आहे. पण नोरा नटी नव्हती. भानुमती नटी आहे, आणि तिची भूमिका करणारीही नटी आहे. समोरच्या बाल्कनीत बसलेला कारकून मनात जे म्हणत असेल, 'नाटकसिनेमातली बाई, घर काय सांभाळणार', तेच वाक्य रंगमंचावर नवऱ्याच्या वागण्यातून येतं, आणि त्याला उत्तर द्यायला जी उभी असते ती खरोखरच घर सांभाळून नाटकात आलेली बाई असते. ज्योत्स्नाबाईंना त्या भूमिकेत वेगळा अभिनय करावा लागला नाही, असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. स्वतःच्या जवळची भूमिका सगळ्यात अवघड. तिच्यात स्वतःची कणव शिरली की नाटक रडकं होतं, आणि 'कुलवधू' रडकं असतं तर इतकी वर्षं चाललं नसतं.

पण याला पुरावा काय? इथेच पंचाईत आहे. हाती आहेत त्या रेकॉर्डी. अठ्ठ्याहत्तरच्या तबकडीची एक बाजू साडेतीन मिनिटांच्या आत संपते. थिएटरात जे पद ठाय लयीत, प्रसंगाच्या ओघात येई, ते तिथे आवळून गायलेलं असतं. तरीही कान देऊन ऐकलं तर त्या साडेतीन मिनिटांत नटी सापडते. कशी, ते सांगतो. शुद्ध गायिका स्वरावर थांबते. ज्योत्स्नाबाई शब्दावर थांबतात. ओळ दुसऱ्यांदा घेताना त्या तान बदलत नाहीत, पट्टी चढवत नाहीत, फक्त क्रियापदाला किंचित धक्का देतात, आणि पहिल्यांदा विनंती वाटलेली ओळ दुसऱ्यांदा निश्चय वाटते. वाक्याच्या शेवटी आवाज लाडाने लांबवायची सवय त्या काळच्या बहुतेक गाणाऱ्यांना होती. यांच्याकडे ओळ तोडल्यासारखी संपते, जसं बोलणारं माणूस वाक्य संपवतं. श्वास कुठे घेतला हेही ऐकू येतं, आणि तो स्वरवाक्याच्या सोयीने घेतलेला नसतो, अर्थाच्या सोयीने घेतलेला असतो. हे केशवरावांच्या चालींत जितकं आहे तितकंच कृष्णरावांच्या चालीत आहे, म्हणजे ही शिकवणी एका संगीतकाराची नव्हे; ही तिची स्वतःची समज. वाचकाने पुढचं वाचायच्या आधी दिवा मालवून, फोन बाजूला ठेवून दोन रेकॉर्डी ऐकाव्यात अशी माझी विनंती आहे. गाणं म्हणून ऐकू नका, संवाद म्हणून ऐका.

ज्यांच्याकडे यंत्रं होती त्यांनी आपल्या नट्या कशा जपल्या ते पाहून जीव हळहळतो. पेगी अ‍ॅशक्रॉफ्ट ज्योत्स्नाबाईंपेक्षा सात वर्षांनी मोठी. १९३० मध्ये पॉल रोबसनच्या ऑथेल्लोसमोर ती डेस्डिमोना झाली. तरुणपणीची तिची रंगमंचावरची कामं तशी गेलीच. पण १९६५ मध्ये बीबीसीने रॉयल शेक्सपिअर कंपनीचं 'वॉर्स ऑफ द रोझेस' चित्रित करून ठेवलं, आणि राणी मार्गारेट नाटकागणिक म्हातारी होत जाताना आज आपण पाहू शकतो. पुढे 'अ पॅसेज टू इंडिया'मधल्या मिसेस मूरसाठी तिला ऑस्कर मिळालं तेव्हा ती सत्याहत्तर वर्षांची होती. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. तोवर 'कुलवधू'ला तीस वर्षं होऊन गेली होती.

पडद्याचा प्रश्न निघाला आहे तर आशालता वाबगावकरांना वगळून चालणार नाही. त्याही गोव्याच्या. गोवा हिंदू असोसिएशनच्या 'मत्स्यगंधा'त १ मे १९६४ रोजी त्या सत्यवती झाल्या. नाटक कानेटकरांचं, संगीत मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकींचं, पराशर झाले ते रामदास कामत, आमच्या शेजारच्या डिचोली महालातल्या साखळीचे. डिचोलीतले लोक हे अजून अंगावर मूठभर मांस चढवून सांगतात. आशालताबाईंचा सत्यवतीतला ताठा, वासना आणि पश्चात्ताप एकाच पात्रात पेलण्याची ताकद, याबद्दल ज्येष्ठांकडून जे ऐकलं ते थक्क करणारं आहे. आणि सिनेमाने या बाईचं काय केलं? 'अपने पराये', 'उंबरठा', 'अंकुश', 'माहेरची साडी'. शंभरावर चित्रपट, आणि त्यांतल्या बहुतेकांत आई, काकू, सासू. चाळिशीच्या आतबाहेरच तिला केस पांढरे करायला लावले. तिने ती कामं चोख केली, पैसे मिळाले, घराघरांत ओळख झाली. तक्रार तिची नाही, माझी आहे. विलायतेच्या पडद्याने म्हाताऱ्या नटीला म्हातारीचीच पण मध्यवर्ती भूमिका दिली; आपल्या पडद्याने धडधाकट नटीला कोपऱ्यात बसवून जपमाळ दिली. २२ सप्टेंबर २०२० ला साताऱ्यात, मालिकेच्या चित्रीकरणासाठी गेल्या असताना झालेल्या कोविडने आशालताबाई गेल्या. शेवटपर्यंत कामावर होत्या.

ज्योत्स्नाबाईंनी पडद्याशी बेताचाच संबंध ठेवला यात मला आता शहाणपण दिसतं. भानुमती सिनेमात जाऊन नाव काढते, ते नाटक करणारी मात्र नाटकातच राहिली. तिथे तिच्यासाठी कोणी भूमिका लिहीत होतं.

आणखी एक गोष्ट स्पष्ट करतो. 'गोमंतकाने महाराष्ट्राला दिलेली रत्नं' या थाटाचं लेखन इथे मिळणार नाही. असली भाषणं आम्ही जत्रेच्या व्यासपीठावर पुष्कळ ऐकतो, आणि ती संपली की त्याच व्यासपीठावर गावातल्या हौशी नाटकाची नायिका म्हणून बाहेरगावची नटी मानधन देऊन आणलेली असते, कारण गावच्या मुलीला घरून परवानगी नसते. हे चित्र आता बदलतं आहे. कला अकादमीच्या स्पर्धांत पेडण्या-डिचोलीच्या मुली उभ्या राहतात, उत्तम कामं करतात. लग्न झाल्यावर त्यांतल्या किती टिकतात ते मात्र परीक्षकांच्या अहवालात येत नसतं.

शेवटी एक मागणं. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा आणि नदीपलीकडे सावंतवाडी-वेंगुर्ले इथल्या जुन्या घरांत नाटकांची हस्तपत्रकं, प्रयोगाचे फोटो, कंपनीच्या माणसांची पत्रं, पदांच्या छापील पुस्तिका माळ्यावर पडलेल्या आहेत. पावसाच्या आधी घर आवरताना त्या बंबात जातात, नाहीतर वाळवी खाते. नट-नट्यांची नावं, तारीख आणि थिएटर एवढं जरी वाचता येत असलं तरी ते कागद जपा. स्वतः जपणं जमत नसेल तर पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात नेऊन द्या. आणि घरात कोणी 'कुलवधू' डोळ्यांनी पाहिलेलं असेल तर आजच त्यांच्याजवळ बसा. कोणती गाणी होती हे विचारू नका, ती आपल्याला माहीत आहेत. ज्योत्स्नाबाई चालायच्या कशा, ते विचारा.

केरी, पेडणे